घडी घालायला मनाई नाही

आधी ती धमकी वाचून दाखवते, म्हणजे माझं डोकं कशानं फिरलं ते कळेल. गोधडीच्या नमुन्याचं एक पाकीट. पुढच्या बाजूला कुंपणावर टाकलेल्या गोधडीचा गोड गोड फोटो. मागच्या बाजूला मुंगीएवढ्या अक्षरात हे: ‘या नमुन्याची किंवा त्याच्या कोणत्याही भागाची, कोणत्याही स्वरूपात, कोणत्याही कारणासाठी प्रत काढण्यास सक्त मनाई आहे. यावरून तयार केलेली वस्तू केवळ वैयक्तिक वापरासाठी आहे. लेखी परवानगीशिवाय ती विकणे, दान करणे, स्पर्धेत ठेवणे अथवा सार्वजनिक ठिकाणी लावणे हा गुन्हा असून कायदेशीर कारवाई करण्यात येईल.’

वाचलंत? गोधडीबद्दल चाललंय हे सगळं. चिंध्या कापून, जोडून, शिवून थंडीत अंगावर घ्यायच्या वस्तूबद्दल.

माझी थोरली बहीण मार्डेल एक्याऐंशी वर्षांची आहे. लग्न होऊन या गावात आली तेव्हापासून दर जुलैत आमच्या काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, जत्रेत तिची एक गोधडी लागते. पत्र्याच्या त्या लांबलचक शेडमध्ये, उत्तरेच्या भिंतीवर, मोठ्या दिव्याखाली. ती जागा तिची आहे असं कुठं लिहिलेलं नाही, पण तिथं दुसरी कुणी आपली गोधडी लावायला जात नाही. नवरा गेला त्या वर्षीही लागली होती. गारपिटीनं सगळा मका झोपला त्या वर्षीही. बक्षिसं तिला पुष्कळ मिळाली आणि ती सगळी एका बुटाच्या खोक्यात कोंबलेली आहेत. तिला बक्षिसाचं काही नव्हतं. गोधडी शिवताना मांडीवर असते, तिचा तुकडा तुकडाच दिसतो. अख्खी दिसते ती भिंतीवर लागली की. जत्रेच्या शनिवारी मार्डेल त्या भिंतीसमोर उभी राहायची, हाताची घडी घालून, आणि आपण वर्षभर काय केलं ते एकदाचं बघून घ्यायची.

दोन वर्षांपूर्वी तिचे डोळे गेले. पूर्ण नाही, मधला भाग गेला. कडेचं दिसतं, समोरचं नाही. माझा चेहरा बघायचा तर तिला माझ्या कानाकडे बघावं लागतं. आता तेही विरत चाललंय. डॉक्टरनं गेल्या हिवाळ्यात स्पष्ट सांगितलं आणि तिनं मला त्याहून स्पष्ट सांगितलं.

“लव्हॉन, या वर्षीची शेवटची. पुढच्या जत्रेला मला गोधडी सोड, भिंतसुद्धा दिसणार नाही.”

“मग यंदा नुसती बस ना निवांत,” मी म्हणाले.

“निवांत बसायला मेल्यावर वेळच वेळ आहे. तू सुया ओवून दे.”

आमच्या आजीची एक गोधडी आहे, आठ टोकांच्या चांदण्यांची. मार्डेलला तशीच करायची होती. पण जुन्या गोधडीवरून मापं काढायची म्हणजे टाका टाका निरखून बघावं लागतं, आणि ते तिला जमणार नव्हतं. म्हणून तिनं दुकानातून नमुन्याचं पाकीट आणलं. त्याच चांदण्या, त्याच ओळी. फक्त नाव नवीन, ‘प्रेअरीवरची संध्याकाळ’. आत मापं छापलेली. अक्षरं बारीक होती, तर गावच्या वाचनालयात टोबिननं ती पानं झेरॉक्सवर मोठी करून दिली. एकेक अक्षर अक्रोडाएवढं. ती पानं मार्डेलनं वृद्धाश्रमातल्या आपल्या खोलीच्या भिंतीवर टाचली आणि सबंध वसंत ऋतू मान वाकडी करून, डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत बघत ती शिवत राहिली. मी सुया ओवल्या आणि शेवटी काठ लावून दिला. इस्त्री करताना माझ्या लक्षात आलं की तिसऱ्या ओळीतली एक चांदणी उलटी लागलीय. गडद टोकं आत, फिकी बाहेर. मी एकोणतीस वर्षं शाळेची बस चालवलीय, माझी जीभ कुणासमोर अडत नाही. त्या दिवशी अडली. मी इस्त्री पुढं फिरवली.

सोमवारी गोधडी जत्रेच्या शेडमध्ये नेऊन दिली. सोबत एक कार्ड भरायचं असतं. नाव, गाव, हाती शिवलीय की मशीनवर, नमुना कुठला (विकतचा असेल तर पाकीटही जोडायचं), आणि खाली ‘आणखी काही सांगायचे असल्यास’. मार्डेलनं मला सांगून लिहून घेतलं होतं: ‘नमुना विकतचा आहे. डोळे अधू असल्यामुळे वाचनालयात मोठ्या अक्षरात झेरॉक्स काढून घेतली. काठ बहिणीने लावला आहे.’

आमच्याकडची माणसं ही अशी. चर्चच्या जेवणाला कुणी दुकानातले कोलाचे, म्हणजे जॅम भरलेले गोड पाव, आणले तर डब्यावर चिठ्ठी लावतात, की हे मी भाजलेले नाहीत. कुणी विचारलेलं नसतं. कुणाचं काही अडलेलं नसतं. पण न सांगता दिलं तर यांना रात्रभर डोळा लागणार नाही. मीही मुकाट्यानं लिहिलं, कारण मीही त्यातलीच.

मंगळवारी दुपारी ग्लेनिस व्होपाट माझ्या दारात उभी. ग्लेनिस म्हणजे जत्रेच्या गोधडी विभागाची प्रमुख. आमच्या गोधडी मंडळात तिला सुईत दोरा कसा घालायचा इथपासून मार्डेलनं शिकवलेलं आहे. तिच्या हातात मोठी प्लास्टिकची पिशवी होती, आणि पिशवीत काय आहे ते मला दार उघडताच दिसलं.

“लव्हॉन, रागावू नकोस हं.”

“अजून रागावले नाहीये. काय झालं ते सांग, मग ठरवते.”

“ही गोधडी लावता येत नाही. पाकिटावर लिहिलंय. सार्वजनिक ठिकाणी लावायची तर लेखी परवानगी पाहिजे. जत्रेच्या कमिटीनं यंदा सांगितलंय, प्रत्येक नमुना तपासा. शेजारच्या काउंटीत कुणालातरी नोटीस आली होती.”

“कुणाला?”

“कुणाला तरी.”

“तू बघितलीस ती नोटीस?”

“मी नाही बघितली. पण आली होती म्हणतात.”

“ग्लेनिस, आपल्या तळ्यात मगर आहे असंही म्हणतात. तू पोहायची थांबलीस का?”

ती पायरीवरच चुळबुळ करत राहिली. तिची गाडी मागं सुरूच होती. लवकर सुटका होईल अशी आशा असणार.

“आणि दुसरं म्हणजे,” ती म्हणाली, “कार्डावर तिनं स्वतःच लिहिलंय, झेरॉक्स काढली म्हणून. मी ते न वाचल्यासारखं कसं करू?”

“अगं, डोळे गेलेल्या बाईनं अक्षरं मोठी करून घेतली! स्वतःच्या पैशानं विकत घेतलेली पानं स्वतःला वाचता यावीत म्हणून!”

“‘कोणत्याही कारणासाठी’ असं लिहिलंय त्यात. मी चारदा वाचलं.”

“चारदा वाचलंस ते तुला दिसतंय म्हणून. जिला दिसत नाही तिनं एकदा वाचायची सोय केली, तर ती चोर?”

“चोर कोण म्हणतंय! मार्डेलबद्दल मला किती वाटतं ते तुला माहीत आहे.”

“काय वाटतं ते या पिशवीत दिसतंय,” मी म्हणाले आणि पिशवी हिसकावून दार लावलं. दार जोरात लागलं. लागायलाच हवं होतं.

शनिवारी मार्डेल जत्रेला येणार होती. तिनं निळा ड्रेस आधीच काढून ठेवला होता. मी तिला फोन करून काहीच सांगितलं नाही. म्हटलं, तोवर बघू काय करता येतं ते.

बुधवारी वाचनालय उघडायच्या आधीच मी दारात होते. टोबिन रुश्का आमचा ग्रंथपाल. मी याला माझ्या बसमधून शाळेत नेलेलं आहे. दुसऱ्या बाकावर बसायचा आणि वळणावर ओकायचा. आता दाढी आहे आणि मला तुम्ही म्हणतो. त्यानं पाकिटाची मागची बाजू वाचली आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“मिसेस कुचेरा, यातलं निम्मं खोटं आहे.”

“कुठलं निम्मं?”

“कॉपीराइटचा हक्क आहे त्यांचा, पण त्यांनी लिहिलेल्या शब्दांवर, काढलेल्या चित्रावर. ती पानं छापून दुकानात विकली असती तर त्यांचं म्हणणं बरोबर होतं. ती चांदणी त्यांची नाही. ती तुमच्या आजीच्याही आजीच्या वेळची आहे, ती कुणाचीच नाही. आणि मापं वाचून मार्डेलनं जे शिवलं ते मार्डेलचं. ते तिनं भिंतीवर लावावं नाहीतर कुत्र्याखाली घालावं.”

“आणि झेरॉक्स?”

“तिला वाचता यावं म्हणून, तिच्यापुरती. याला कायद्यात रास्त वापर म्हणतात. शिकायला, शिकवायला, टीका करायला, आणि अशा कामाला लोकांनी वापरावं म्हणून तो हक्क दिलेलाच आहे. कुणाची परवानगी मागायची नसते. मी काय डोळे झाकून काढून दिली होती का पानं? मला माहीत होतं म्हणूनच दिली.”

“मग हे असं छापतात कसे? खोटं छापलं म्हणून यांना कुणी धरत नाही?”

टोबिन हसला. ते हसू काही मला आवडलं नाही.

“कोण धरणार? छापायला शाई लागते फक्त. त्यांचे हक्क ते पाकिटावर छापतात, वर आणखी नसलेले चार घालतात. तुमचे हक्क कुठल्या पाकिटावर छापलेले बघितलेत तुम्ही?”

मी नव्हते बघितले. घरी आल्यावर शिवणाच्या कपाटातलं सगळं बाहेर काढलं. पाकिटं, पुस्तकं, कापडाचे तागे. कापडाच्या काठावरसुद्धा छापलेलं निघालं, ‘केवळ घरगुती वापरासाठी’. कापडाच्या! उद्या पिठाच्या पिशवीवर छापतील, की या पिठाची भाकरी शेजाऱ्याला देऊ नये. आणि आम्ही नाही देणार. आम्ही शेजारणीला सांगू, अगं द्यायची होती गं, पण पिशवीवर लिहिलंय. माझा राग त्या कंपन्यांवर होताच. पण खरं सांगते, त्याहून जास्त आमच्यावर होता. इतकी वर्षं हे कापडं कापताना नजरेखालून गेलं आणि कुणीही विचारलं नाही, की हे म्हणणारे तुम्ही कोण?

गुरुवारी मी पाकिटावरच्या नंबरवर फोन लावला. वाटलं होतं, एखादं यंत्र बोलेल, हे दाबा ते दाबा. एका बाईनंच उचलला. मागं दोन कुत्री भुंकत होती. कंपनी म्हणजे तीच होती. मिझूरी राज्यातल्या आपल्या घराच्या तळघरात बसून ती नमुने काढायची आणि पाकिटात भरायची. नाव कॅसिडी.

मी सगळं सांगितलं. डोळे, झेरॉक्स, जत्रा, शनिवार. ती मधूनमधून “अय्या,” “बिचाऱ्या,” करत होती. मला वाटलं, झालं काम.

“तर मग एक ओळ लिहून पाठवता का? लावायला हरकत नाही म्हणून?”

“तसं लिहून देता नाही येत हो मला. एकाला दिलं की सगळे मागतात. आमचं धोरणच आहे तसं.”

“धोरण की कायदा?”

“म्हणजे... मागच्या बाजूला आहे ना ते.”

“ते मी वाचलंय. मला आता तोंडपाठ आहे. ते लिहिलं कुणी? वकिलानं?”

तिनं कुत्र्यांना दटावलं. भुंकणं थांबलं.

“नाही,” ती म्हणाली. “खरं सांगायचं तर मी धंदा सुरू केला तेव्हा दुसऱ्या एका कंपनीचं पाकीट होतं माझ्याकडे. त्याच्या मागे तसं होतं. चांगलं वाटलं. म्हणून घेतलं.”

“घेतलं म्हणजे?”

“म्हणजे तेच टाकलं मी पण.”

“शब्दाला शब्द?”

“सगळेच तसं करतात हो.”

प्रत काढायला सक्त मनाई आहे, ही ओळ या बाईनं दुसऱ्याच्या पाकिटावरून उतरवून घेतली होती! आणि त्या दुसऱ्यानं आणखी कुणाची उतरवलेली असणार. आणि त्या उतरवलेल्या ओळीच्या जोरावर माझ्या बहिणीची गोधडी एका प्लास्टिकच्या पिशवीत, माझ्या खाटेवर पडली होती.

“मग आता लिहून द्या,” मी म्हणाले.

“सॉरी. खरंच नाही जमणार. पण तुमच्या बहिणीला माझ्या शुभेच्छा सांगा हं.”

फोन मी ठेवला की आपटला, आठवत नाही. शुभेच्छा म्हणे.

मग मी आजीची गोधडी काढली. १९३१ची आहे, पिठाच्या पोत्यांची. एका कोपऱ्यात आतून अजून गिरणीचं नाव दिसतं, कितीही धुतलं तरी गेलं नाही. ती काखोटीला मारून मी तडक जत्रेच्या शेडवर गेले. गोधड्या लावायचं काम चालू होतं. बायका पांढरे हातमोजे घालून एकेक गोधडी उचलत होत्या, कारण हाताचा घाम कापडाला लागू द्यायचा नसतो. ग्लेनिस शिडीवर होती. उत्तरेच्या भिंतीवर, दिव्याखाली, एक मोठा रिकामा चौकोन सोडलेला होता. तेवढी लाज शिल्लक होती म्हणायची.

“खाली ये,” मी म्हणाले.

ती उतरली. मी आजीची गोधडी टेबलावर उलगडली. आठ टोकांच्या चांदण्या, ओळीनं. पोत्याचं कापड विरलेलं, पण चांदणी न् चांदणी जागेवर.

“ओळख पटते का?”

ग्लेनिसनं मोज्यातलं बोट चांदणीवरून फिरवलं. “सुंदर आहे गं.”

“सुंदर आहे ते मला माहीत आहे. ही कुणाची नक्कल ते सांग. त्या कॅसिडीचा बापसुद्धा जन्मला नव्हता तेव्हा.”

“मला कळतंय, लव्हॉन.”

“आणि ती पाकिटामागची ओळ तिनं दुसऱ्याची उचललीय. तिनं स्वतःच्या तोंडानं कबूल केलं. टोबिन म्हणतो, कायदा आपल्या बाजूनं आहे.”

“असेलही. पण टोबिन वकील नाही. मला कागद दे. कुणाचाही दे, पण कागद दे. उद्या काही झालं तर कमिटी मला विचारणार, टोबिनला नाही.”

“खोटं सांगायला त्यांना काही लागलं नाही. खरं सांगायला मला कागद लागतो होय?”

“तुझं काय जातं बोलायला!” ती एकदम भडकली. “या विभागाचं सगळं मी बघते. नोटीस आली तर माझ्या नावानं येईल. माझ्या!”

“आणि मार्डेलचे डोळे कुणाच्या नावानं चाललेत?”

आजूबाजूच्या बायका हातातल्या गोधड्या तशाच धरून उभ्या होत्या. एकीनंही तोंड उघडलं नाही. मी आजीची गोधडी गुंडाळली आणि निघाले. बाहेर येऊन गाडीत बसले आणि रडले. मला रडू येतं ते नेहमी रागानंच.

शनिवारी मी मार्डेलला आणायला गेले. निळा ड्रेस, लिपस्टिक, गळ्यात मोत्यांची माळ. चाकाची खुर्ची मागं टाकली. बाहेर ऊन असं, की गाडीच्या स्टीअरिंगला हात लावता येईना.

“दिव्याखालीच लावलीय ना?” तिनं बसल्या बसल्या विचारलं.

मी गाडी सुरू केली आणि बंद केली. मग सगळं सांगितलं. पहिल्यापासून. ती माझ्या कानाकडे बघत ऐकत होती. मला वाटलं, ती आता म्हणेल, जाऊ दे, घरी ने मला. ती आयुष्यभर जाऊ दे म्हणत आलेली बाई आहे. दुकानदारानं कमी तोलून दिलं तरी जाऊ दे.

“गुन्हा म्हणाली?” तिनं विचारलं.

“गुन्हा असं लिहिलंय.”

“मला एक्याऐंशी वर्षांत कधी पोलिसानं थांबवलेलं नाही.”

“माहीत आहे गं.”

“आणि झेरॉक्सचं मी स्वतःहून सांगितलं. लपवलं असतं तर चाललं असतं?”

“चाललं असतं.”

तिच्या गळ्यावरची शीर उडायला लागली. माझ्या बहिणीला इतकी रागावलेली मी आमच्या बापाच्या मयतालाही बघितली नव्हती, आणि तिथं कारण मोठं होतं.

“गोधडी कुठाय?”

“मागच्या सीटवर.”

“पुन्हा म्हणून दाखव काय लिहिलंय ते. वापराचं.”

“‘केवळ वैयक्तिक वापरासाठी’.”

“हां,” मार्डेल म्हणाली. “मला थंडी वाजतेय.”

जुलैचा महिना. बाहेर डांबर वितळत होतं. मी तिच्याकडे बघितलं आणि गाडी पुन्हा सुरू केली.

शेडमध्ये तोबा गर्दी होती. चाकाच्या खुर्चीत मार्डेल, गुडघ्यापासून पावलांपर्यंत गोधडी, आणि लिपस्टिक घामानं पुसली जात होती तरी मान ताठ. लोक बाजूला होऊन वाट देत होते. ग्लेनिस दारातल्या टेबलाशीच होती. तिनं गोधडी बघितली, मग माझ्याकडे.

“मार्डेल, उकडत नाही का गं?” तिनं हळूच विचारलं.

“या वयात रक्त पातळ होतं,” मार्डेल म्हणाली. “लव्हॉन, मला माझ्या भिंतीपाशी ने.”

मी तिला रिकाम्या चौकोनासमोर नेऊन थांबवलं, जरा लांब, तिच्या नेहमीच्या जागी. मंडळातल्या चार-सहा जणी जवळ आल्या. गुरुवारी तोंडाला कुलूप लावून उभ्या होत्या त्याच.

“आता गरम व्हायला लागलं,” मार्डेल म्हणाली, जरा मोठ्यानं. “लव्हॉन, हिची घडी घाल. नीट घाल. सुरकुती पडता कामा नये.”

मला कळलं. मी तिच्या पायावरची गोधडी उचलली. मोठी गोधडी एकटीला घडी घालता येत नाही हे शिवणारीला सांगावं लागत नाही. पहिली पुढं आली ती व्हर्ला, तिनं दुसरं टोक धरलं. मग इतर. सगळ्यांच्या हातात पांढरे मोजे होते, कारण जत्रेत लोकांना गोधड्या उलटून दाखवायचं काम त्यांच्याकडेच असतं.

“आधी पूर्ण उलगडा,” मार्डेलनं खुर्चीतून सांगितलं. “मागं सरका. अजून मागं, भिंतीपर्यंत. आता वर धरा. आणखी वर. जमिनीला टेकवायची नाही.”

आम्ही भिंतीला पाठ लावून, हात डोक्यावर ताणून उभ्या राहिलो. दिवा बरोबर वर होता. गोधडी आमच्यासमोर सरळ खाली सुटली, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. मला पुढचं काही दिसत नव्हतं, फक्त कापडाची मागची बाजू आणि तिचे टाके. शेडमधली बडबड कमी होत होत थांबली तेवढं ऐकू आलं.

मग कमिटीतल्या एका पुरुषाचा आवाज आला. “हे काय चाललंय? ही बाद केलेलीच ना? कुणी लावायला सांगितली?”

माझे खांदे भरून आले होते आणि मी मनात म्हटलं, हात लाव, हात लावून बघ फक्त.

“लावलेली नाहीये,” ग्लेनिसचा आवाज आला. “घडी घालताहेत त्या.”

“ही घडी?”

“घडी घालायला मनाई नाही. मी पाकीट चारदा वाचलंय.”

आठवडाभरात तिच्या तोंडून निघालेलं हे पहिलं कामाचं वाक्य. मी तिला माफ केलेलं नाही. मंगळवारीच म्हणाली असती तर आमचे हात असे दुखले नसते. पण तो माणूस निघून गेला हे खरं.

मी कापडाच्या कडेनं मान बाहेर काढून मार्डेलकडे बघितलं. ती मान वाकडी करून बसली होती, अगदी डोळ्याच्या टोकातून बघत. हळूहळू तिचा चेहरा सरकत होता, डावीकडून उजवीकडे, पुन्हा डावीकडे. एकेक ओळ ती घेत होती. कुणीही घाई केली नाही. व्हर्लाचे हात भरून आले तर मागून आणखी कुणीतरी येऊन तिच्या हाताखाली हात लावला.

तिसऱ्या ओळीवर मार्डेल थांबली.

“लव्हॉन. ती एक चांदणी उलटी आहे.”

“आहे.”

“तू बघितलं होतंस?”

“इस्त्री करताना.”

“आणि बोलली नाहीस.”

“नाही बोलले.”

ती परत त्या चांदणीकडे, म्हणजे तिच्या बाजूला, बघत राहिली. मला वाटलं होतं तिचा चेहरा पडेल. तो पडला नाही. उलट हनुवटी वर आली.

“त्या बाईच्या पाकिटावर आहे अशी चांदणी?”

“नाही.”

“आजीच्यात आहे?”

“कुणाच्यातच नाही. जगात नाही.”

“मग त्या कॅसिडीला फोन कर,” मार्डेल म्हणाली, आणि सबंध शेडला ऐकू जाईल असं म्हणाली. “तिला सांग, ही चांदणी माझी आहे. पाहिजे असेल तर तिनं बघावी, शिकावी, खुशाल तशीच शिवावी. माझी परवानगी लागत नाही म्हणावं.”

कुणीतरी हसलं, कुणीतरी नाक ओढलं. व्हर्लाचा हात थोडा खाली आला.

“ए, हात वर,” मार्डेल म्हणाली. “माझं अजून बघून झालेलं नाही.”